धावत्या गाडीतली रेंज : रत्नागिरीच्या वाटेवरच्या मोबाइल संपर्काचा आढावा

गाडी खेड सोडते आणि घरून फोन येतो, "कुठपर्यंत आलात?" उत्तर पुरे व्हायच्या आत बोगदा येतो आणि फोन कट होतो. कोकणात हे इतके अंगवळणी पडले आहे की घरचे घाबरत नाहीत. "बोगद्यात असतील," म्हणतात आणि हातातल्या कामाला लागतात. पण आता फोनवर फक्त खुशाली कळवली जात नाही. एसटीचे तिकीट, गाडी कुठवर आली याची माहिती, नकाशा, दुकानदाराचे पैसे, १०८ ची रुग्णवाहिका, खोल समुद्रातल्या नौकेला वादळाचा इशारा अशी कितीतरी कामे धावत्या वाहनातल्या रेंजवर अवलंबून आहेत. त्यामुळे प्रवासात रेंज का जाते, ती राहावी ही जबाबदारी कोणाची आणि त्यासाठीचा खर्च कोणी सोसायचा, हे प्रश्न गैरसोयीच्या पलीकडे गेले आहेत. या लेखात त्यांची मांडणी रत्नागिरी जिल्हा समोर ठेवून केली आहे. या प्रश्नाच्या जवळजवळ सगळ्या बाजू या एका जिल्ह्यात भेटतात.

डोंगर, खाड्या आणि बोगदे

सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्यामधल्या अरुंद पट्टीत हा जिल्हा उभा पसरला आहे. सलग सपाट जमीन फारशी कुठे नाही. बाणकोट, दाभोळ, जयगड, पूर्णगड, जैतापूर या खाड्या आत घुसलेल्या, त्यांच्यामध्ये जांभ्याचे सडे, आणि वाड्या बहुतेक सड्याखालच्या खोलगट भागांत. मुंबई-गोवा महामार्ग कशेडी, भोस्ते, परशुराम हे घाट घेत चिपळूण, संगमेश्वर, हातखंबा, लांजा, राजापूर असा खाली उतरतो. देशावर जायचे तर कुंभार्ली, आंबा किंवा अणुस्कुरा घाट चढावा लागतो. कशेडीला पर्याय म्हणून खोदलेल्या सुमारे दोन किलोमीटरच्या बोगद्याची एक नळी २०२३ च्या गणेशोत्सवात हलक्या वाहनांसाठी खुली झाली. म्हणजे रस्त्याने जाणाऱ्यांच्या वाट्यालाही आता बोगदा आला आहे.

रेल्वेचे चित्र याहून ठळक आहे. रोहा ते ठोकूर या ७४१ किलोमीटरच्या कोकण रेल्वेमार्गावर नव्वदहून अधिक बोगदे आहेत आणि त्यांची एकत्रित लांबी सुमारे ८४ किलोमीटर भरते. सरासरी काढली तर दर नऊ किलोमीटरांतला एक किलोमीटर डोंगराच्या पोटातून जातो. पण सरासरीवरून रत्नागिरीची कल्पना येत नाही. मार्गावरचे सर्वांत लांब पाच बोगदे, करबुडे, नातूवाडी, टिके, बेर्डेवाडी आणि सावर्डे, याच जिल्ह्यात आहेत. उक्षी आणि भोके या स्थानकांमधला करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने धावणाऱ्या गाडीलाही तो ओलांडायला चार मिनिटे लागतात. बोगद्यांच्या मध्ये जो उजेड दिसतो, तोही बऱ्याच ठिकाणी जांभ्याच्या उभ्या कटिंगमधून येणारा असतो. गाडी बाहेर आली म्हणून फोनला आकाश मिळाले, असे होत नाही.

इथवर कसे आलो

भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता आणि दिल्लीदरम्यान झाला. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी वाहतुकीसाठी खुला झाला. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की एक गोष्ट लक्षात येते : बोगदे आखले आणि खोदले गेले तेव्हा प्रवाशाच्या खिशात फोन असेल हे कोणाच्या गणितात नव्हते. त्यात कोणाची चूक काढता येत नाही. पण बोगदा बांधतानाच केबलसाठी जागा ठेवणे आणि नंतर चालू एकेरी मार्गावर, गाड्यांच्या मधल्या वेळात ती बसवणे, यांच्या खर्चात मोठा फरक पडतो. आजच्या वादाची एक मुळी इथे आहे.

दुसरी मुळी परवान्यांच्या रचनेत आहे. देश दूरसंचार सर्कलांत विभागला गेला. मुंबई हे एक सर्कल, उरलेला महाराष्ट्र आणि गोवा हे दुसरे. चाकरमानी गावाला निघाला की वाटेत त्याचा फोन एक सर्कल सोडून दुसऱ्यात जातो. पूर्वी त्या टप्प्यावर रोमिंगचे पैसे लागत. पैसे थांबले, पण दोन सर्कलांतली जाळी तांत्रिकदृष्ट्या वेगळी असल्यामुळे चालू असलेला कॉल सीमेवर पुष्कळदा तुटतोच.

पुढचा टप्पा २०१६ चा. रिलायन्स जिओ केवळ ४जी घेऊन आली, आवाजही इंटरनेटच्याच वाटेने जाऊ लागला आणि काही वर्षांत सगळा देश त्या वाटेला लागला. प्रवासातल्या कॉलवर याचा परिणाम झाला. ज्या कंपनीकडे ४जीच्या खाली जुने २जी जाळे शिल्लक आहे तिचा कॉल ४जी क्षीण झाल्यावर २जीवर उतरून टिकू शकतो. जिच्याकडे ते नाही तिचा कॉल तिथेच संपतो. बीएसएनएलचा प्रवास उलट झाला. आतल्या गावांत तिचे २जी पोहोचलेले होते, पण ४जी यायला फार उशीर लागला. देशी बनावटीच्या तंत्रावरच्या तिच्या ४जी जाळ्याचे देशव्यापी उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ रोजी झाले.

रेंज तुटते कशी

गाडीच्या वेगामुळे रेंज जाते, असा सर्वसाधारण समज आहे. वेगाचा लहरींवर परिणाम होतो हे खरे. टॉवरकडे धावणाऱ्या फोनला लहरींची वारंवारिता किंचित वाढलेली भासते, दूर जाणाऱ्याला कमी. पण ४जी हे तंत्र ताशी ३५० किलोमीटरपर्यंत आणि ५जी ताशी ५०० किलोमीटरपर्यंतचा वेग धरून आखलेले आहे. कोकण रेल्वेवरच्या गाड्या त्या वेगाच्या जवळपासही जात नाहीत, पावसाळी वेळापत्रकात तर आणखी सावकाश धावतात. इथल्या तुटण्याचे कारण वेगात शोधून हाती फारसे लागत नाही.

कारण वळणात आहे. चालत्या वाहनातला फोन सतत आजूबाजूच्या टॉवरांचा जोर मोजत असतो आणि ती मोजणी जाळ्याला कळवत असतो. हातातला टॉवर क्षीण आणि शेजारचा जोरकस झाला की जाळे फोनला त्याच्या हवाली करते. ही अदलाबदल निभावायला दोन टॉवरांचे क्षेत्र काही अंतर एकमेकांवर चढलेले असावे लागते. मैदानी प्रदेशात ते असते. एक टॉवर हळूहळू मावळतो, दुसरा हळूहळू उगवतो. घाटात एसटी ताशी चाळीसच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला अकरा मीटर, वळण घेते आणि मधे डोंगराचे नाक येते. एका-दोन सेकंदांत सिग्नलचा जोर शंभर पटींनीही खाली येऊ शकतो. शेजारच्या टॉवरची मोजणी पाठवायलाही फोनला सवड मिळत नाही. म्हणून सपाटीवर शंभरच्या वेगाने टिकलेला कॉल परशुराम घाटात वाहतुकीमागून रांगत जातानाही तुटतो.

यात वाहनाची स्वतःची भर पडते. रेल्वेचा डबा ही पोलादाची पेटी आहे. लहरींना आत यायला खिडकीचीच वाट. स्लीपरच्या उघड्या खिडकीशी बसलेल्याला रेंज असते आणि त्याच गाडीत एसी डब्याच्या वरच्या बर्थवरच्या माणसाला नसते, ते यामुळे. उष्णता अडवण्यासाठी काही आधुनिक गाड्यांच्या काचांवर धातूचा अतिपातळ थर असतो. तो उन्हाबरोबर लहरीही परतवतो, आणि आत पोहोचणारा सिग्नल बाहेरच्या शंभराव्या हिश्श्यावर येऊ शकतो. जसजशा गाड्या बंदिस्त, थंड आणि शांत होत जातील तसतशी ही अडचण वाढणार आहे. मुंबई-मडगाव वंदे भारत जून २०२३ मध्ये सुरू झाली. तिची एकही खिडकी उघडत नाही.

किनाऱ्याच्या रस्त्यावर वेगळाच अनुभव येतो. गुहागर, गणपतीपुळे, पूर्णगड या बाजूला फोनवर तीन-चार काड्या दिसतात, पण समोरच्याला आपला आवाज पोहोचत नाही. पाण्यावरून लहरी विनाअडथळा लांब जातात, त्यामुळे खाडीपलीकडचा दूरचा टॉवर फोन पकडतो. टॉवर कित्येक वॉटने बोलतो, तर ४जीवर फोनच्या अंगात साधारण एक-पंचमांश वॉटचाच जोर असतो. त्याचे आपल्याला ऐकू येते, आपले त्याला नाही. काड्या फक्त येणारा सिग्नल दाखवतात, जाणारा दाखवत नाहीत. म्हणून काड्यांवरून भांडण्यात अर्थ नसतो.

आणि पाऊस. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. फोन ज्या वारंवारितांवर चालतो त्यांना पावसाचे थेंब फारसे अडवत नाहीत. अडतो तो टॉवर ते टॉवर जाणारा मायक्रोवेव्हचा दुवा, कारण त्याची वारंवारिता कितीतरी जास्त असते. शिवाय वीज जाते, बॅटरी उतरते, डिझेल घेऊन जाणारी गाडी दरड कोसळल्यामुळे पोहोचत नाही. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली आणि मंडणगडने हे भोगले, जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणने. महामार्गाच्या चौपदरीकरणात जेसीबीखाली तुटणारी ऑप्टिकल फायबर हे तर बारमाही दुखणे. टॉवर उभा असतो, दिवा लागलेला असतो, पण पाठीमागची वाट तुटलेली असते.

शेवटचे कारण गर्दीचे. कोकण रेल्वे मुख्यतः एकेरी मार्गाची. छोट्या स्थानकात क्रॉसिंगला दोन गाड्या थांबल्या की हजारो फोन एकाच टॉवरवर येऊन पडतात. गणपतीत तो टॉवर दमतो. रेंज दिसते, नेट चालत नाही.

तुटल्यावर काय होते

आंबा घाटाच्या पायथ्याशी साखरप्याला एसटीत चढलेला प्रवासी कंडक्टरच्या मशीनवरचा क्यूआर कोड स्कॅन करतो. पिन टाकेपर्यंत गाडीने पहिले वळण घेतलेले असते. स्क्रीनवर चक्र फिरत राहते. प्रवाशाच्या खात्यातून पैसे गेल्याचा संदेश येतो, मशीनला मात्र पैसे आल्याचे कळत नाही, आणि तिकीट निघत नाही. कंडक्टरला तिकीट नसलेला प्रवासी चालत नाही, प्रवाशाला दोनदा पैसे देणे चालत नाही. अनुभवी कंडक्टर म्हणूनच घाट लागायच्या आत सांगून ठेवतात, "सुटे पैसे असतील तर बघा, पुढे रेंज धरत नाही." रक्कम पन्नास-साठ रुपयांची असते, पण मागे उभ्या असलेल्यांचा खोळंबा होतो आणि दोन भल्या माणसांत शब्दाला शब्द लागतो.

दुसरी बाजू जिवाशी गाठ असलेली. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस पोलादपूर-महाबळेश्वर मार्गावरच्या आंबेनळी घाटात दरीत कोसळली आणि सुमारे तीस माणसे गेली. अपघाताची खबर बाहेर पोहोचली ती बचावलेला एकमेव कर्मचारी दरी चढून वर आल्यावर. त्या दरीत रेंज असती तर किती जीव वाचले असते, हे सांगता येणार नाही, आणि तसा दावा करणे त्या कुटुंबांवर अन्याय करणारे ठरेल. एवढे मात्र म्हणता येते की घाटातल्या अपघातात मदत निघायला लागणारा वेळ पुष्कळदा पहिला फोन कुठून लागतो यावर ठरतो.

सार्वजनिक प्रवासी वाहनांत ठावठिकाणा कळवणारे यंत्र आणि संकटकाळचे बटण असावे, असा नियम १ जानेवारी २०१९ पासून नव्या वाहनांना लागू झाला. त्या यंत्राच्या मानकात रेंज जाण्याचा विचार केलेला आहे. ते एकाहून जास्त कंपन्यांचे जाळे वापरू शकते आणि रेंज नसताना नोंदी साठवून नंतर पाठवते. गाडी कुठून गेली हे त्यातून मागाहून कळते. पण दाबलेल्या बटणाची हाक साठवून उपयोग नसतो.

नियम काय मोजतो

दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, कॉल तुटण्याच्या प्रश्नाशी बरीच वर्षे झुंजत आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये प्राधिकरणाने ठरवले की तुटलेल्या प्रत्येक कॉलमागे कंपनीने ग्राहकाला एक रुपया द्यावा, दिवसाला जास्तीत जास्त तीन. १ जानेवारी २०१६ पासून हे लागू व्हायचे होते. दिल्ली उच्च न्यायालयाने नियम उचलून धरला. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०१६ रोजी तो मनमानी ठरवून रद्द केला. कंपन्यांचे म्हणणे होते की प्रत्येक कॉल आमच्या दोषाने तुटत नाही. ग्राहक बोगद्यात शिरला, लिफ्टमध्ये गेला, फोनची बॅटरी संपली, तर भुर्दंड आम्हाला का? कोकणच्या प्रवाशाला हा युक्तिवाद जवळचा वाटेल, कारण त्यातला बोगदा त्याच्याच वाटेवर आहे.

त्यानंतर भरपाईऐवजी मोजणी कडक करण्यावर भर आला. ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झालेले आणि १ ऑक्टोबरपासून लागू झालेले गुणवत्तेचे नियम कंपन्यांना आपल्या व्याप्तीचे नकाशे संकेतस्थळावर टाकायला सांगतात. एखाद्या जिल्ह्यात चोवीस तासांहून जास्त काळ मोठ्या प्रमाणात सेवा खंडित झाली तर ग्राहकाला बिलात सूट किंवा मुदतवाढ द्यावी, अशी तरतूदही त्यांत आहे. वादळांच्या जिल्ह्याला ती उपयोगी आहे. याशिवाय ट्राय स्वतः गाडीत उपकरणे ठेवून शहरे, महामार्ग, रेल्वेमार्ग आणि किनारी भागांत चाचण्या घेते. कॉल लागतो का, तुटतो का, चालू कॉलमध्ये आवाज गायब होतो का, हे त्यात पाहिले जाते.

ही प्रगती मोलाची आहे. तरीही मला या सगळ्या रचनेत एक पोकळी दिसते. परवान्यांच्या अटी तालुक्याचे ठिकाण आणि तिथली वस्ती धरून घातल्या गेल्या. केंद्राने जुलै २०२२ मध्ये मंजूर केलेली २६,३१६ कोटी रुपयांची ४जी योजना २४,६८० न पोहोचलेली गावे मोजते. गाव पोहोचले की काम झाले. दोन गावांमधला घाट, दोन स्थानकांमधला बोगदा, दोन बंदरांमधले पाणी यांची नोंद कोणत्याच वहीत सक्तीची नाही. कोकणातल्या माणसाचा दिवसाचा केवढा तरी वेळ मात्र नेमका तिथे जातो. जर्मनीने २०१९ च्या लिलावात महामार्गांसाठी आणि दिवसाला दोन हजारांहून जास्त प्रवासी असलेल्या लोहमार्गांसाठी किमान वेगाची अट घातली होती, म्हणजे मार्ग हे मोजणीचे एकक धरता येते. आपल्याकडे ते अजून धरलेले नाही, आणि पुढे ज्या बाजू मांडल्या आहेत त्यांच्यातला बराच गोंधळ त्यातून येतो, असे माझे मत आहे.

निरनिराळ्या बाजू

कंपन्यांची बाजू खर्चाची आहे. घाटातल्या टॉवरखाली ग्राहक राहत नाहीत, ते दोन मिनिटांत निघून जातात. तिथे वीज ओढून न्यायची, वनखात्याची परवानगी काढायची, पावसाळ्यात देखभाल करायची, आणि उत्पन्न नगण्य. शहरातल्या टॉवरच्या कमाईवर असे किती टॉवर पोसायचे, हा त्यांचा प्रश्न खोटा नाही. दर कमी ठेवा आणि सगळीकडे पोहोचा या दोन अपेक्षा एकमेकींना ओढतात, हेही ते दाखवून देतात.

प्रवासी संघटना आणि ग्राहक चळवळीतले कार्यकर्ते विचारतात की रिचार्ज घाटासाठी स्वस्त मिळतो का? लहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे, ती वापरण्याच्या परवानगीबरोबर तोट्याचे भागही स्वीकारायला हवेत. शिवाय सरकारने तिकीट, पैसे, तक्रार, आपत्कालीन मदत असे सगळे फोनवर नेल्यावर फोन चालणे ही ऐच्छिक सोय राहत नाही, हा त्यांचा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो.

रेल्वे आणि रस्त्याच्या यंत्रणांची भूमिका जागामालकाची आहे. बोगद्यात बाहेरच्या कोणाची केबल आली की सुरक्षितता, देखभाल, गाड्यांच्या वेळा या सगळ्यांची जबाबदारी त्यांच्यावर येते. जागेचे भाडे हे त्यांना उत्पन्नाचे साधनही वाटते. या भाड्यावरून काय होऊ शकते, हे मुंबईच्या भुयारी मेट्रो ३ ने दाखवले. ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा भुयारात बहुतेकांच्या फोनला रेंज नव्हती. मेट्रोने सर्व कंपन्यांना सामाईक यंत्रणा पुरवण्याचे काम एका त्रयस्थ कंपनीला दिले होते. दूरसंचार कंपन्यांना तिचे दर मान्य नव्हते, स्वतःची यंत्रणा स्वतःच्या खर्चाने बसवू द्या असे त्या म्हणत होत्या. वर्षभराने संपूर्ण मार्गिका सुरू झाली तरी वाद पुरता मिटलेला नव्हता. देशातल्या सर्वांत श्रीमंत शहराच्या मध्यभागी, भरगच्च प्रवासी असताना ही स्थिती, तर करबुडेत पैसे कोण घालणार, हा प्रश्न साहजिक आहे.

टॉवरला विरोध करणाऱ्यांचीही एक बाजू आहे आणि ती चेष्टेवारी नेऊ नये. किरणोत्सर्गाची भीती, आंबा-काजूच्या बागांवर परिणामाची शंका, जागेच्या मालकीचे वाद ही त्यामागची कारणे. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या भागावर आणली. त्या मर्यादेत आरोग्याला धोका असल्याचा ठोस पुरावा नाही, ही सरकारची भूमिका आहे. काही गावांचे त्याने समाधान होते, काहींचे होत नाही. पण ज्या गावाने टॉवर नाकारला त्याच गावातून रेंज नसल्याचा अर्जही येतो.

रस्ता सुरक्षेचा विचार करणारे एक वेगळीच आठवण करून देतात. गाडी चालवताना हातात फोन धरणे २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्यात धोकादायक वाहन चालवण्यात मोडते आणि पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड आहे. घाटात रेंज आली तर चालकही बोलू लागतील, ही त्यांची काळजी. उत्तर असे दिले जाते की एका चालकामागे एसटीत चाळीसहून अधिक प्रवासी असतात आणि अपघात झाला तर फोन त्यांना लागतो.

हाताशी असलेले उपाय

कमी वारंवारितेच्या लहरी, म्हणजे ७००, ८०० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या, डोंगराच्या कडेने जास्त वळतात आणि डब्यातही बऱ्या शिरतात. घाटासाठी त्या उत्तम, पण त्यांची वाहून नेण्याची ताकद मर्यादित असते. बोगद्यासाठी लीकी केबल हे जुने आणि खात्रीचे साधन आहे : बोगद्याच्या भिंतीने जाणाऱ्या केबलला ठरावीक अंतरावर फटी ठेवलेल्या असतात आणि त्यांतून सिग्नल पाझरत राहतो. काचांवरचा धातूचा थर लेसरने बारीक जाळीसारखा कापून लहरींना वाट देण्याची युक्ती युरोपातल्या काही गाड्यांत वापरली गेली आहे. डब्यात वाय-फाय देण्याचा प्रयोग आपल्याकडे हावडा राजधानीत उपग्रहाच्या आधाराने झाला; खर्च न परवडणारा आणि प्रत्येक प्रवाशाला मिळणारा वेग अपुरा, म्हणून रेल्वे मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये तो सोडून दिल्याचे संसदेत सांगितले. स्थानकांवरचे वाय-फाय चालू राहिले, पण ते गाडी थांबलेली असतानाचे.

मला सर्वांत आशादायक वाटतो तो एकमेकांचे टॉवर वापरण्याचा मार्ग. एकाच डब्यात एका कंपनीच्या ग्राहकाला रेंज असते आणि शेजाऱ्याला नसते, हे आपण रोज पाहतो. जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने सार्वजनिक निधीतून उभारलेल्या ४जी टॉवरांवर कोणत्याही कंपनीच्या ग्राहकाला सेवा मिळेल, अशी व्यवस्था सुरू केली. ११२ चा आपत्कालीन कॉल तर आजही मिळेल त्या जाळ्यावरून जातो. हेच तत्त्व घाटातल्या सगळ्या टॉवरांना लावले तर नवा टॉवर न उभारता काही अंध जागा कमी होतील. स्वतःच्या पैशाने दुर्गम भागात पोहोचलेल्या कंपनीचे यात नुकसान होते आणि पुढे तिथे जायला कोणी धजावत नाही, हा त्यावरचा आक्षेपही विचारात घ्यावा लागतो.

समुद्रावर उत्तर आकाशातूनच यावे लागले. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून सुटलेल्या नौकेची रेंज किनारा दूर गेला की संपते. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने मासेमारी नौकांवर एक लाख ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना सुरू केली. उपग्रहामार्फत चालणाऱ्या या यंत्रातून तांडेलाला वादळाचा इशारा मिळतो आणि तो संकटाचा संदेश किनाऱ्यावर पाठवू शकतो. साध्या फोनने थेट उपग्रहाशी बोलण्याची सोय काही देशांत आली आहे. आपल्याकडे ती सर्रास मिळू लागली तरी घाटाला तिचा थोडा उपयोग होईल आणि बोगद्याला काहीच नाही, कारण उपग्रहाला आकाश दिसावे लागते.

जे अजून ठरायचे आहे

पहिले, मोजणी कुठे करायची. मोटारीत ठेवलेल्या उपकरणाला जी रेंज मिळते ती एसी डब्यातल्या बर्थवर मिळत नाही, आणि मे महिन्यात मिळालेली जुलैत मिळत नाही. प्रवाशाच्या आसनावर, भर पावसात घेतलेली मोजणी ग्राह्य धरायची की नाही, यावर निर्णय नाही.

दुसरे, महामार्गावरच्या अंध जागा कोणी कळवायच्या. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२५ च्या अखेरीस आपल्या रस्त्यांवरची ४२४ ठिकाणे, सुमारे १,७५० किलोमीटर, रेंज नसलेली म्हणून दूरसंचार विभाग आणि ट्रायपुढे मांडली. पण मुंबई-गोवा महामार्गाचा इंदापूरपासून खालचा भाग प्राधिकरणाकडे नाही, तो राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे आहे. तशीच यादी त्या खात्याने करून पाठवायला हरकत नसावी. कशेडीच्या नळ्यांपासून सुरुवात करता येईल.

तिसरे, रेल्वेचे स्वतःचे टॉवर. भारतीय रेल्वेला गाड्यांच्या सुरक्षित संचालनासाठी ७०० मेगाहर्ट्झमधल्या लहरी देण्याचा निर्णय जून २०२१ मध्ये झाला. रुळांकडेला त्यासाठी जे टॉवर आणि केबल येतील त्यांच्यावर प्रवाशांच्या फोनची यंत्रणाही बसवू द्यायची का, दिली तर भाडे किती, आणि बोगद्यातली केबल दोघांसाठी एकच असू शकेल का, हे उघडे प्रश्न आहेत.

चौथा प्रश्न खास आपला आहे. कोकण रेल्वे हे केंद्र, महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा आणि केरळ यांच्या भागीदारीतले स्वतंत्र महामंडळ. त्याच्या भारतीय रेल्वेत विलीनीकरणाला महाराष्ट्राने मे २०२५ मध्ये संमती दिली. दुहेरीकरण, स्थानके, नव्या गाड्या अशा मागण्यांची यादी विलीनीकरणाच्या चर्चेत पुढे येते. तिच्यात बोगद्यातल्या संपर्काचे कलम अजून ठळकपणे दिसत नाही. दुहेरीकरणासाठी करबुडे, टिके किंवा बेर्डेवाडीच्या शेजारी दुसरे बोगदे खोदायची वेळ येईल तेव्हा केबलची जागा आराखड्यातच ठेवायची की पुन्हा मागाहून पाहायचे, हे निविदा निघण्यापूर्वी ठरावे लागेल.